डोंगरातली पानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चढावर दम लागला की मी एखादं पान न्याहाळायला थांबतो. दम लपतो आणि पानाचंही काहीतरी कळतं. सोबतचे लोक विचारतात, "काय बघताय एवढं?" सह्याद्रीत आणि उत्तराखंडच्या वाटांवर तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले, की शेवटी उत्तरं लिहून काढली. जिथे झाडाचं मराठी नाव रुळलेलं आहे तिथे ते वापरलंय, नाहीतर तिकडचं पहाडी.

उंचावर गेलं की पानं लहान होत जातात, हे खरं का?

ढोबळमानाने खरं आहे. पडताळायचं असेल तर एकाच घराण्यातली झाडं बघावीत. उत्तराखंडात दीड ते तीन हजार मीटरच्या पट्ट्यात लाल फुलांचा बुरांश भेटतो. चांगलं मोठं झाड, पान जवळजवळ वीतभर. साडेतीन-चार हजार मीटरवर त्याच ऱ्होडोडेंड्रॉन घराण्यातली भावंडं गुडघ्याएवढी झुडपं होतात. नेपाळी लोक जिला सुनपाती म्हणतात, तिचं पान अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडंच मोठं, आणि चुरगळलं की धुपासारखा वास येतो. पाच हजार मीटरच्या आसपास जमिनीला चिकटून वाढणारं 'ऱ्होडोडेंड्रॉन निवाले' आहे. त्याचं पान तांदळाच्या दाण्याएवढं.

बुरांश ते निवाले एवढा प्रवास एका ट्रेकमध्ये सहसा होत नाही. पण बुरांश आणि सुनपाती एकाच वाटेवर, दोन-तीन दिवसांच्या अंतराने नक्की दिसू शकतात.

पण झाडाला उंची कळते कशी?

कळत नाही. झाडाजवळ काही आल्टिमीटर नसतो. उंचीबरोबर जे बदलतं ते त्याला भोगावं लागतं. दर हजार मीटरला तापमान साधारण ६ ते ६.५ अंशांनी उतरतं. हवेचा दाब कमी होतो. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. अतिनील किरणं दर हजार मीटरला अंदाजे १० टक्क्यांनी वाढतात. बर्फ उशिरा वितळतो आणि लवकर पडतो, म्हणून वाढीला मिळतात जेमतेम तीन-चार महिने.

एवढ्या गोष्टी जगातल्या कुठल्याही डोंगरावर उंचीबरोबर बदलतात. पाऊस, वारा आणि माती यांचं तसं नाही. कुठे वर गेल्यावर पाऊस वाढतो, कुठे घटतो. उंच पर्वतांवरच्या वनस्पतींवर आयुष्यभर काम केलेले स्वित्झर्लंडमधल्या बासेलचे वनस्पतिशास्त्रज्ञ ख्रिस्तियन कोर्नर हाच फरक ठासून सांगत आले: उंचीचा परिणाम म्हणून जे खपवलं जातं, त्यातलं बरंचसं त्या त्या डोंगराच्या पाण्याचं आणि वाऱ्याचं असतं. आपल्या सह्याद्रीबद्दल तर हे शंभर टक्के खरं आहे. ते पुढे येईलच.

लहान पानाचा नेमका फायदा काय?

प्रत्येक पानाभोवती न हलणाऱ्या हवेचं एक पांघरूण असतं. मोठ्या पानाभोवती ती गोधडी असते, लहान पानाभोवती पातळ चादर. भर उन्हात गोधडीतलं पान भोवतालच्या हवेपेक्षा बरंच तापतं. आणि निरभ्र रात्री उलटं होतं: पान आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतं, गोधडीमुळे हवेतली ऊब त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि हवा २ अंशांवर असतानाही पान शून्याखाली जाऊन गोठू शकतं. लहान पान हवेच्या तापमानाजवळ राहतं, म्हणून वाचतं.

२०१७ साली जगभरातल्या ७,६७० जातींच्या पानांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हीच गोष्ट पुढे आली. पान किती मोठं होऊ शकतं यावर बऱ्याच ठिकाणी दुपारच्या उन्हापेक्षा रात्रीच्या गोठण्याचा पहारा असतो.

कळसूबाई १,६४६ मीटर. एवढ्याशा उंचीने पानांना काय फरक पडणार?

नुसत्या उंचीने फार नाही. हिमालयात जिथे बुरांशाचा पट्टा जेमतेम सुरू होतो, तिथे आपला सगळ्यात उंच डोंगर संपतो. म्हणून बुरांशही आपल्याकडे नाही. तो हिमालयानंतर थेट निलगिरीच्या आणि केरळच्या उंच डोंगरांवर भेटतो. आपल्याकडे पायथा आणि माथा यांच्यात तापमानाचा फरक पाच-सहा अंशांचा, आणि तेवढ्याने पान तांदळाएवढं होत नाही.

मग सह्याद्रीत पान कशाने घडतं? महाबळेश्वर आणि पाचगणी घ्या. दोन्ही बाराशे-चौदाशे मीटरच्या दरम्यान, एकमेकांपासून वीस किलोमीटरच्या आत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी. उंची जवळपास तीच, पण महाबळेश्वरला अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचं बुटकं सदाहरित रान आहे, आणि पूर्वेकडे सरकलात की गवताळ माळ आणि उन्हाळ्यात पानं टाकणारी झाडं सुरू होतात. एसटीच्या खिडकीतून अर्ध्या तासात हा बदल दिसतो, फक्त स्ट्रॉबेरीच्या पाट्यांवरून नजर काढायला हवी.

आता अंजनीचं पान हातात घेऊन बघा. जाड, चामड्यासारखं, चकचकीत, शिरा जवळजवळ न दिसणाऱ्या. एवढ्या पावसाच्या जागी इतकं कोरडवाहू पान का? कारण तो पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो. पुढचे सात-आठ महिने या पानाला उन्हात आणि वाऱ्यात काढायचे असतात, शिवाय खालचा जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. सदाहरित राहायचं ठरवलेल्या झाडाला एकच पान चार महिने भिजायला आणि आठ महिने तहानायला वापरावं लागतं. वरचा मेणचट थर दोन्ही कामं करतो: पावसाळ्यात पाणी निथळून टाकतो आणि उन्हाळ्यात आतलं पाणी अडवतो.

वाऱ्याचा हिशेब वेगळाच. घाटमाथ्याच्या पश्चिम कडेला, थेट दरीच्या तोंडावर उभी असलेली झाडं कुणी कात्रीने छाटल्यासारखी एका बाजूला कललेली असतात. त्याच जातीचं झाड शे-दोनशे पावलं आत, ओढ्याच्या आडोशाला असेल तर उंचही वाढतं आणि पानंही मोठी धरतं. मला सह्याद्रीतलं हे सगळ्यात आवडतं उदाहरण वाटतं, कारण इथे उंची, पाऊस, जात सगळं सारखं आहे, फरक मुख्यतः वाऱ्याचा.

मग उघड्या कड्यावरच्या चवेणीची एवढी मोठी पानं कशी?

प्रश्न बरोबर आहे. चवेणी म्हणजे रानकेळ, आणि ती उभ्या कातळाच्या खाचेत माणसाएवढी पानं मिरवते. वर सांगितलेल्या सगळ्याला तिने हरताळ फासल्यासारखा वाटतो. पण ती ही पानं फक्त पावसाळ्यात धरते. पाऊस सरला की पानं वाळून गळतात आणि उन्हाळाभर खोडाचा जाड बुंधा तेवढा कड्यावर बसून राहतो. पाणी फुकट मिळतं तेव्हाच उधळपट्टी करायची, नंतर दुकान बंद. वाऱ्याने पान फाटलं तरी केळीच्या पानासारखं ते शिरांच्या मधून चिरतं आणि त्याच्या पट्ट्या होतात. पट्टीभोवतीची हवेची गोधडी पातळ असते, त्यामुळे चिरलेलं पान उन्हात कमीच तापतं.

कारवीचंही थोडंफार असंच. पावसाळ्यात मोठी, खरखरीत हिरवी पानं, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याच उतारावर नुसत्या काटक्या. तेरडा आणि सोनकी तर त्याहून बिनधास्त. चार महिन्यांचंच आयुष्य, त्यामुळे पानाला ना जाडी ना मेण. तेरड्याची फांदी तोडून खिशात ठेवली तर गड उतरेपर्यंत तिचा पाला होतो.

म्हणून डोंगरातलं पान बघताना ते वर्षातले किती महिने झाडावर राहणार, हे आधी विचारावं.

कास पठारावर सगळंच इवलंसं का? तिथे तर थंडीही फार नाही.

माती नाही म्हणून. कास सुमारे बाराशे मीटरवर आहे, पण तिथला कारभार चालवतो तो जांभ्याचा कातळ. मातीचा थर काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. पावसाळ्यात त्यात पाणी तुंबतं, ऑक्टोबरनंतर तो तव्यासारखा तापतो. शिवाय या मातीत नत्र फार कमी. अशा जागी काही झाडांनी पानालाच पोट भरायच्या कामाला लावलंय. दवबिंदू या वनस्पतीच्या पानावर चिकट थेंबांचे केस असतात, त्यात बारीक किडे अडकतात. सीतेची आसवं म्हणून जी निळी-जांभळी फुलं आपण फोटोत घेतो, तिच्या मातीखालच्या भागावर टाचणीच्या टोकाएवढे फुगे असतात. ते पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. फोटो सगळे फुलांचे काढतात. खरी करामत चिखलात असते.

पठाराच्या कडेला जिथे दरीत माती साठते, तिथे याच उंचीवर तळहाताएवढ्या पानांची झाडी उभी आहे. १०० मीटर चाललं तरी पुरे.

महाबळेश्वरला दव गोठतं. तरी तिथली झाडं मरत कशी नाहीत?

वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठल्याची बातमी काही हिवाळ्यांत येतेच. पण ती जागा नीट पाहिली तर कळतं की ते गावाच्या उंच टोकावर घडत नाही, तलावाकाठच्या सखल भागात घडतं. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगटात साठते. म्हणजे इथे खालची जागा वरच्या जागेपेक्षा थंड! गोठतं ते मुख्यतः गवतावरचं आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवरचं दव, तेही पहाटेचे काही तास. वरच्या अंजनी-जांभळांना त्याची झळ सहसा लागत नाही.

पानाच्या मागची पांढरी किंवा तपकिरी लव थंडीसाठी असते का?

सगळ्यांना स्वेटर आठवतो, पण बहुतेक वेळा उत्तर तितकं सरळ नसतं. लव कुठे आहे ते आधी बघा.

नुसती खालच्या बाजूला असेल, तर तिचा संबंध पर्णरंध्रांशी असण्याची शक्यता जास्त. पान श्वास घेतं आणि पाणी सोडतं ते या बारीक छिद्रांतून, आणि झाडांमध्ये ती बहुधा खालच्या बाजूलाच असतात. उत्तराखंडातला बांज ओक घ्या: पान वरून गर्द हिरवं, खालून पांढरट. वर अडीच-तीन हजार मीटरवरच्या खरसूला खालून तपकिरी-सोनेरी लव. बुरांशाच्या काही भावंडांना तर गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं जाडजूड अस्तर असतं. लव छिद्रांजवळची ओलसर हवा धरून ठेवते, म्हणजे पाणी हळू जातं. धुक्यात आणि पावसात ती छिद्रांवर पाण्याचा पडदाही बसू देत नाही. छिद्र पाण्याने बुजलं तर हवा आत जाणार कुठून?

लव वरच्या बाजूलाही असेल तर ती प्रकाश परतवते, आणि त्यात अतिनील किरणंही आली. आल्प्समधल्या एडेलवाइसचं पांढरं फूल म्हणून जे प्रसिद्ध आहे, ती खरं तर लोकरीने झाकलेली पानंच.

आणि अंगभर लोकर असेल तर मात्र स्वेटर म्हणायला हरकत नाही. हिमालयात साधारण ४,३०० मीटरच्या वर फेनकमळ नावाची वनस्पती भेटते, दगडांत कुणी कापसाचा बोळा ठेवून गेल्यासारखी. त्या लोकरीच्या आत, उन्हात, बाहेरच्यापेक्षा चांगलंच ऊबदार असतं, आणि बी तयार व्हायला तेवढी ऊब लागते.

जाता जाता: पाचगणीत पान खालून चंदेरी दिसलं म्हणून लगेच डोंगराचा धडा काढू नका. ते बहुतेक सिल्व्हर ओक असेल. ओकही नाही आणि इथलाही नाही. ऑस्ट्रेलियातून आणून लावलेला आहे.

आमच्या गॅलरीत ब्रह्मकमळ आहे. ते हिमालयातलंच ना?

नाही हो. हा प्रश्न दरवर्षी पावसाळ्यात येतो, फोटोसकट. महाराष्ट्रात घरोघरी रात्री फुलणारं, शेजाऱ्यांना बोलावून ज्याची पूजा होते, ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंग आहे. त्याचं लांब, चपटं 'पान' हे पानच नव्हे, ते चपटं झालेलं खोड आहे. म्हणून तर कळी त्याच्या कडेतून फुटते आणि तुकडा मातीत खोचला की नवं रोप येतं.

हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. ते ३,७०० मीटरच्या वर खडकाळ उतारांवर येतं. हेमकुंडच्या वाटेवर जुलै-ऑगस्टमध्ये दिसतं. गंमत म्हणजे इथेही डोळे फसतात. ज्या फिकट पिवळसर 'पाकळ्या' दिसतात ती पानं आहेत, कागदासारखी पातळ आणि अर्धपारदर्शक. खरी जांभळट फुलं आत गड्डीत दडलेली. ही पानं प्रकाश आत घेतात आणि गार वारा, पाऊस बाहेर ठेवतात.

हीच युक्ती सिक्कीम आणि नेपाळमध्ये चार हजार मीटरच्या वर आपल्या रेवंदचिनीच्या एका भाऊबंदाने टोकाला नेली आहे. माणसाएवढा उंच, पिवळसर मनोऱ्यासारखा, पानांवर पानं कौलांसारखी रचलेली. त्या पानांतून उजेड जातो, पण अतिनील किरणं बरीचशी अडतात. आत, फुलांपाशी, उन्हाच्या वेळी बाहेरच्यापेक्षा कितीतरी अंश जास्त तापमान असतं. उघड्या उतारावर बाकी सगळं घोट्याएवढं आणि मध्येच हा उभा! उंचावर सगळं लहानच होतं, या नियमाला एवढं ठसठशीत उत्तर दुसरं नाही.

सगळ्यात उंचावर वाढणाऱ्या वनस्पतींची पानं कशी असतात?

मुंगीएवढी, आणि एकमेकांना घट्ट चिकटलेली. १९२१ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ६,१०० मीटरच्या वरून गोळा केलेली अरेनेरिया नावाची वनस्पती याच पठडीतली. लडाखमध्ये अशा वनस्पतींच्या उशा दिसतात. लांबून शेवाळ चढलेला धोंडा वाटतो, हात लावला तर कडक लागतो.

वर म्हटलं की लहान पान हवेच्या तापमानाजवळ राहतं. पण पाच-सहा हजार मीटरवर हवाच इतकी गार, की तिच्याजवळ राहून भागत नाही. मग ही हजारो पानं एकत्र येऊन एका मोठ्या घुमटासारखी वागतात. वारा वरून निघून जातो, ऊन आत मुरतं, वाळलेली पानं आतच राहून स्पंजासारखं पाणी धरतात.

देवदार, चीड यांची सुईसारखी पानं बर्फासाठीच ना?

अंशतः. सुईवर बर्फ साठत नाही हे खरं, पण लांब सुयांचा चीड मुख्यतः दोन हजार मीटरच्या खाली, उन्हाच्या कोरड्या उतारांवर वाढतो. त्याला सुई बर्फापेक्षा पाण्याच्या काटकसरीसाठी जास्त उपयोगी. जाड मेण, आत खोल बसलेली पर्णरंध्रं. समोरच्याच सावलीच्या, ओलसर उतारावर रुंद पानांचा बांज असतो. उलट झाडांच्या शेवटच्या रेषेवर अनेक ठिकाणी भोजपत्र आहे, आणि ते हिवाळ्यात पानं सरळ गाळून टाकतं.

उंचावर पर्णरंध्रं जास्त असतात, असं वाचलंय.

काही जातींत जास्त मिळतात, काहींत नाही, काहींत मधल्या उंचीपर्यंत वाढून पुन्हा घटतात. उजेड आणि ओलावा यांचा हात त्यात मोठा आहे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मात्र अनेक जातींत नातं दिसतं. १९८७ साली एफ. आय. वुडवर्ड यांनी वनस्पतिसंग्रहात वाळवून ठेवलेली जुनी पानं तपासली, तेव्हा दोनशे वर्षांत पर्णरंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली दिसली. हवेत तो वायू वाढला, तशी कमी खिडक्यांत सोय होऊ लागली.

घरी मोजायचं असेल तर पानाच्या मागे रंगहीन नेलपॉलिश लावा, वाळू द्या, पारदर्शक चिकटपट्टीने अलगद उचला आणि काचेवर डकवून शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. दाट लव असलेल्या पानावर हे जमत नाही. मी बुरांशावर करून नेलपॉलिशची एक बाटली वाया घालवली आहे.

उंचावरचं रोप खाली आणून लावलं तर पानं मोठी होतील?

थोडी होतील, पण मूळ स्वभाव सुटत नाही. कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक आणि हायसी या तिघांनी हे पद्धतशीर करून पाहिलं आणि १९४० मध्ये मांडलं. एकाच रोपाचे तुकडे करून त्यांनी ते तीन ठिकाणी लावले: समुद्रसपाटीजवळ, १,४०० मीटरवर आणि ३,०५० मीटरवर. प्रत्येक रोप जागेप्रमाणे काहीसं बदललं. पण उंचावरची रोपं खाली आणूनही खालच्यांसारखी झाली नाहीत, आणि किनाऱ्याकडची बरीचशी वर तगलीच नाहीत. एकाच जातीत डोंगरावरचं घराणं आणि मैदानातलं घराणं वेगळं झालेलं असतं.

त्यामुळे बुरांशाचं रोप पुण्यात आणायचा बेत असेल तर राहू द्या. पैसे आणि रोप दोन्ही जातात.

पानांच्या कडा करवतीसारख्या असण्याचा उंचीशी संबंध आहे का?

थंडीशी आहे. थंड प्रदेशातल्या रानांत दातेरी पानांची झाडं प्रमाणाने जास्त, उष्ण प्रदेशात सरळ कडेची जास्त. बेली आणि सिनॉट यांनी १९१५-१६ मध्ये हे दाखवलं, आणि आजही दगडात उमटलेल्या जुन्या पानांवरून त्या काळचं तापमान काढताना ते वापरतात. पण हे आख्ख्या रानाचं प्रमाण आहे, एका पानावरून काही ठरत नाही. खरसूच्या लहान झाडाची पानं काटेरी कडेची असतात आणि म्हाताऱ्या झाडाची बरीचशी सरळ. तिथे काटे गुराढोरांपासून वाचायला असतात.

उन्हाळ्यात सह्याद्रीतली कोवळी पालवी लाल का?

कोशिंबाची पाहिली असेल, मार्चमध्ये आख्खं झाड पेटल्यासारखं दिसतं. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं भरलेलं नसतं. तोवर तो लाल रंग कडक उजेडापासून आडोसा करतो. किड्यांनाही असं पान फारसं रुचत नसावं, असं एक मत आहे.

पानं तोडून घरी आणली तर चालतील का?

अभयारण्यात आणि कासला नाही. बाकी ठिकाणीही खाली पडलेलं पान पुरतं. वहीत ठेवताना शेजारी तारीख, जागा, उतार कुठल्या दिशेचा, झाड आडोशाला होतं की वाऱ्यावर, एवढं लिहा. उंची मोबाइलवर नंतरही सापडते. वारा कुठून होता ते घरी आल्यावर आठवत नाही.